दात पुढे, उच्चार बोबडा: घरी काय करायचं, काय नाही

मी मिरजेत मुलांच्या उच्चारांवर काम करते. सांगली, तासगाव, जतकडची मुलं येतात, पलीकडून अथणी-चिकोडीचीही येतात. दात वेडेवाकडे असलेल्या मुलांच्या आई-वडिलांचे दोन प्रश्न मला सतत ऐकू येतात. एक, "मॅडम, तार लावली की बोलणं आपोआप सुधारेल ना?" आणि दुसरा, "दातच वाकडे आहेत, मग आत्ता बोलणं शिकवून काय उपयोग?" पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असं असतं. दुसऱ्याचं उत्तर, उपयोग आहे, आणि बऱ्याच मुलांच्या बाबतीत तो आत्ताच आहे.

दात हवेला आडोसा देतात, जिभेला टेकू देतात. पण आवाज घडवते ती जीभ, आणि तिला लागलेलं वळण दात सरळ झाले म्हणून सुटत नाही. तारांचा उपचार संपलेली, दातांची रांग एकसारखी झालेली चौदा-पंधरा वर्षांची मुलं 'साखर' म्हणताना अजूनही जीभ बाहेर काढतात, हे मी नेहमी बघते. उलट दात चांगलेच पुढे आलेली कितीतरी मुलं स्वच्छ बोलतात, कारण त्यांच्या जिभेने आपली वाट शोधलेली असते. तेव्हा दातांकडे बघून बोलण्याचा अंदाज बांधू नका. आधी ऐका.

आधी दोष दातांचाच आहे का, ते बघा

मुलाला खिडकीसमोर उजेडात बसवा आणि मोबाइलवर समोरून व्हिडिओ घ्या. ओठ आणि दात नीट दिसले पाहिजेत. त्याच्याकडून हे शब्द वदवून घ्या, पण तुम्ही म्हणून दाखवू नका; वस्तू किंवा चित्र दाखवून विचारा. पापड, बाबा, मामा. फळ, वही. तीन, दात, थवा. साप, ससा, बस. शाल. चाक, चिमणी. जागा, जीभ. झाड. टोपी, गाडी, बाळ. काका, गाजर. राजा, घर. शेवटी त्याला आवडणाऱ्या एखाद्या गोष्टीबद्दल मिनिटभर बोलू द्या. सुटा शब्द आणि वाहतं बोलणं यांत खूप फरक पडतो, म्हणून दोन्ही हवं.

आता शांतपणे ऐका. 'काका'चं 'ताता' होत असेल, 'गाडी'ची 'दाडी' होत असेल, तर त्याचा समोरच्या दातांशी संबंध नाही. क आणि ग जिभेच्या मागच्या भागातून येतात. 'राजा'चा 'लाजा' होणं हेही दातांचं काम नाही. ट, ड, ण, ळ यांना जीभ वर वळून टाळूला लागते, त्यामुळे पुढचे दात कसेही असले तरी हे आवाज सहसा शाबूत राहतात. अशा मुलालाही मदत लागते, पण ती वेगळी, आणि त्यासाठी दातांच्या डॉक्टरांकडे फेऱ्या मारण्यात वेळ घालवू नये.

दातांमुळे सगळ्यात आधी बिघडतो तो स. त्याच्या मागोमाग चाकातला च, जागेतला ज, झाडातला झ, कारण हे तिन्ही जिभेचं टोक दातांच्या अगदी मागे नेऊन काढतो. मग श, आणि चिमणीतला च, जिभेतला ज. मराठीत एकच अक्षर दोन जागांवरून निघतं ही आपल्या कामाची गोष्ट आहे. 'माझी' स्वच्छ येतं आणि 'माझा' म्हणताना जीभ दातांमधून डोकावते, असं दिसलं तर जीभ जरा मागे असताना मुलाला जमतं आहे, दातांपाशी आली की घसरते आहे, हे तिथल्या तिथे कळतं.

मागच्या दाढा मिटल्या तरी समोर खालच्या-वरच्या दातांमध्ये फट राहत असेल, तर जीभ त्या फटीत शिरते आणि 'साप'चा 'थाप' होतो. हा प्रकार सर्वांत जास्त दिसतो. वरचे दात खूप पुढे असतील तर ओठ मिटायला कष्ट पडतात, आणि मूल प, ब, म म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांना लावतं. खालचा जबडा पुढे असेल तर फ आणि व उलटे निघतात, म्हणजे खालचे दात वरच्या ओठाला लागतात, आणि स पातळ, फिसकटलेला ऐकू येतो. चौथा प्रकार कानाला लगेच कळतो: स म्हणताना हवा समोरून न जाता गालाकडून बाहेर पडते, ओलसर, फसफसता आवाज येतो. हा गालातला स वय वाढल्यावर आपोआप जाण्याची शक्यता फार कमी, म्हणून त्यासाठी थांबू नका.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. घरात, भावकीत सगळेच 'शाळा'ला 'साळा' आणि 'पाणी'ला 'पानी' म्हणत असतील, तर मूलही तसंच म्हणणार. तो त्याच्या घरचा बोलण्याचा ढंग आहे, दोष नाही, आणि तो दुरुस्त करायला मी कुणालाही बसवत नाही. शाळेतून 'उच्चार अशुद्ध' असा शेरा आला की आधी आजी-आजोबा कसं बोलतात ते आठवा.

दातांचा विचार करण्याआधी कान तपासून घ्या. स हा हलका आणि उंच पट्टीतला आवाज आहे, ऐकणं थोडं कमी झालं तरी तो सर्वांत आधी निसटतो. तोंडाने श्वास घेणाऱ्या, झोपेत घोरणाऱ्या मुलांच्या नाकामागे अ‍ॅडेनॉइडच्या गाठी वाढलेल्या असू शकतात. त्यांच्यामुळे कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं, आणि तोंड सतत उघडं राहिल्याने जीभ खाली-पुढे पडून दातांची ठेवणही बदलते. म्हणजे दात आणि कान दोन्हींचं मूळ कधी कधी एकाच ठिकाणी असतं. म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा, आणि श्रवण तपासणीबरोबर टिम्पॅनोमेट्रीही, म्हणजे कानाचा पडदा नीट हलतो का हे बघणारी तपासणी, करून घ्या. ती दुखत नाही, काही मिनिटांत होते.

आणखी एक तपासणी घरीच होते. थंड स्टीलचा चमचा मुलाच्या नाकपुड्यांखाली धरा आणि त्याला "पापा, पापा" आणि लांब "स्स्स्" म्हणायला सांगा. चमच्यावर वाफ धरली तर हवा नाकातून निसटते आहे. टाळूची शस्त्रक्रिया झालेली असो वा नसो, अशा मुलाला घरच्या सरावाला बसवू नका. त्याची टाळू आधी तज्ज्ञांनी बघायला हवी.

जिभेखालच्या शिरेबद्दल मला हटकून विचारतात. "जीभ चिकटलेली आहे, कापून घेऊ का?" मूल जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे लावू शकतं, 'लाल', 'टाळी' म्हणू शकतं, तर बोबडेपणासाठी ती शीर कापण्याची गरज बहुधा नसते. खरंच जीभ उचलली जात नसेल तर डॉक्टर ठरवतील.

दुधाचे दात पडण्याचा काळ वेगळा धरा. समोरचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात आणि वरचे नवे दात सात-आठ वर्षांपर्यंत येतात. त्याआधी बोलणं स्वच्छ होतं आणि दात पडल्यावर स फिसकटायला लागला, तर काही करू नका. नवे दात आले की तो जागेवर येतो. आधीपासूनच जीभ बाहेर येत होती, तर मात्र 'दात येऊ देत, मग बघू' यात एखादं वर्ष सहज जातं आणि सवय पक्की होते. चार वर्षांच्या मुलाच्या स मध्ये थोडा थ मिसळला तर मी काळजी करत नाही. पण चार वर्षांच्या मुलाचं बोलणं घराबाहेरच्या माणसाला बहुतेक सगळं समजायला हवं. तसं नसेल तर वय बघत बसू नका.

सवय मोडल्याशिवाय फट भरत नाही

अंगठा चोखणं, बाटली, चोखणी, तोंडाने श्वास. समोरची फट घडवणारी बहुतेक कारणं ही. चौथ्या वर्षापर्यंत अंगठा सुटला, तर दुधाच्या दातांतली फट बऱ्याचदा आपणहून भरते. पुढचे कायमचे दात आल्यावरही अंगठा चालूच राहिला, तर दातांबरोबर जबड्याची ठेवणही बदलायला लागते. मिरची लावणं, कडुनिंबाचा रस लावणं, चारचौघांत लाजवणं याने मूल अंगठा लपवून चोखायला शिकतं. झोपताना हातात मोजा घालणं, दिवसा कंटाळा येतो त्या वेळी हाताला काम देणं, कॅलेंडरवर त्याच्याच हाताने खूण करू देणं, हे जास्त लागू पडतं.

सातव्या वर्षाच्या सुमारास ऑर्थोडॉन्टिस्टना, म्हणजे तार लावणाऱ्या दंततज्ज्ञांना, एकदा दाखवून घ्या. लगेच तार लावायची म्हणून नाही. पुढे काय लागेल आणि कधी, हे तेव्हा कळतं. फट मोठी असेल, जबड्याचा दोष असेल, तर स किती सुधारू शकतो याला मर्यादा पडते, आणि ती पालकांना आधीच सांगणं मला योग्य वाटतं. तरीही सराव थांबवायचा नाही. ऐकण्याची पारख, जीभ आत ठेवण्याची जाण, बाकीचे आवाज, यांवर तोवर बरंच काम होतं. दात जागेवर आले की पुढचं शिकणं झपाट्याने होतं.

आधी कान तयार करा

बोबडं बोलणाऱ्या मुलाला आपण चुकतो आहोत हे बहुतेक वेळा ऐकूच येत नाही. त्याच्या डोक्यात तो बरोबर 'साप'च म्हणतो. म्हणून पहिले काही दिवस त्याला काही म्हणायला लावू नका, फक्त ऐकवा. एका कागदावर साप काढा, दुसऱ्यावर पाठीवर मारलेली थाप. तुम्ही ओठांसमोर वही धरा म्हणजे मूल तोंड बघून ओळखणार नाही, आणि एकदा 'साप', एकदा 'थाप' म्हणा. त्याने बरोबर चित्रावर चिंचोका ठेवायचा. हे जमलं की 'सवा' आणि 'थवा', 'सर' आणि 'थर'. मूल श आणि स यांत गोंधळत असेल तर 'सूर' आणि 'शूर', 'साल' आणि 'शाल'. दहापैकी नऊ वेळा न चुकता ओळखू लागलं की मग तुम्ही मुद्दाम चुकीचं बोला: "मी बाजारातून थाबण आणला." त्याने तुम्हाला पकडायचं. मुलांना हे फार आवडतं, आणि पकडणारं मूल लवकरच स्वतःलाही पकडायला लागतं.

स कसा काढायचा

स म्हणताना जिभेच्या कडा वरच्या दाढांना आतून टेकतात, मधोमध एक पन्हळ तयार होतं आणि त्यातून हवेची बारीक धार समोरच्या दातांवर जाते. टोक वरच्या दातांमागे असलं तरी चालतं, खालच्या दातांमागे असलं तरी चालतं. हे लक्षात ठेवा, कारण समोर फट असलेल्या मुलांना टोक खाली ठेवून स काढणं बऱ्याचदा सोपं जातं. खालचे दात टोकाला धरून ठेवतात, जीभ बाहेर पडत नाही.

तासगावकडचा आठेक वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे येत असे. वडिलांची द्राक्षबाग. उशिरापर्यंत अंगठा होता, समोर फट होती, आणि स्वतःच्या गावाचं नाव तो 'ताथगाव' सांगायचा. त्याला मी आरशासमोर बसवलं आणि स चं नावही काढलं नाही. "पाच म्हण," एवढंच सांगितलं. 'पाच' त्याला बरा येत होता, कारण त्यातला च त् ने सुरू होतो आणि त् ला त्याची जीभ आत राहायची. मग म्हटलं, "आता पाचची शेपटी लांब कर." पाच्स्स्स्. पहिल्यांदा जीभ बाहेर आली. "मागच्या दाढा हलक्या टेकव. जीभ घरात, दार बंद." पुन्हा पाच्स्स्स्, आणि या वेळी शेवटी स्वच्छ धार आली. तो आरशात बघत राहिला. त्याला वाटलं तो अजून 'पाच'च म्हणतो आहे. मी 'पा' गाळायला सांगितला, मग 'च' हळू करायला सांगितला, आणि शेवटी नुसती शेपटी उरली.

तुमच्या मुलाचा 'पाच'ही बोबडा असेल तर थेट त् वरून जा. 'त् त् त् त्' असं पटापट, हलकं म्हणायचं, आणि शेवटच्या त् ची हवा सोडून द्यायची: 'त्‌स्स्स्'. गालातून हवा जाणाऱ्या मुलांसाठी हीच वाट सर्वांत चांगली, कारण त् म्हणताना जिभेच्या कडा आपसूक दाढांना चिकटतात. तिसरी वाट श ची. गप्प बसवताना आपण 'शूऽ' करतो तसा श मुलाला येत असेल, तर तो लांब धरायला लावा आणि म्हणा, "आता हस." ओठ पसरले, जीभ जरा पुढे सरकली की श चा स होतो.

हवा कुठून जाते हे तपासायला रसवंतीवर मिळते तसली स्ट्रॉ घ्या. मूल स म्हणत असताना तिचं टोक समोरच्या दातांसमोर मधोमध धरा. हवा सरळ येत असेल तर स्ट्रॉमध्ये सळसळ ऐकू येते. मधोमध गप्प आणि गालाच्या कोपऱ्यापाशी सळसळ, म्हणजे हवा कडेने पळते आहे. स्ट्रॉ फुंकायची नाही. ती फक्त कळण्यासाठी आहे.

वरचे दात पुढे असलेल्या मुलाला स म्हणताना खालचा जबडा किंचित पुढे आणायला शिकवा, म्हणजे दोन्ही दातांच्या कडा जवळ येतात. खालचा जबडा पुढे असेल तर टोक खालच्या दातांमागे ठेवून जीभ जरा मागे ओढायची. प, ब, म साठी ओठ पोचतच नसतील आणि दात-ओठ लावून काढलेला प कानाला बरोबर लागत असेल, तर मी तो सोडून देते. ऐकायला बरोबर असलं की दिसायला वेगळं चालतं. मुलाचा वेळ आणि उत्साह स साठी राखून ठेवा.

एकटा स जमला की लगेच वाक्यात टाकू नका

इथेच बहुतेक घरी घाई होते. मूल एकदा 'स्स्स्' बरोबर म्हणालं की संध्याकाळी पाहुण्यांसमोर "साखर म्हणून दाखव" सुरू होतं. साखर अजून लांब आहे. आधी ईस, ईस, ईस. ई म्हणताना ओठ पसरलेले आणि जीभ पुढे, आत असते, त्यामुळे ई नंतरचा स सोपा येतो. मग आस, एस, शेवटी ऊस आणि ओस, कारण तिथे ओठ गोल होतात आणि स बिघडतो.

शब्दांत स शेवटी असलेले आधी घ्या, कारण शेवटचा स लांबवता येतो. यासाठी आपल्या भाषेने एक तयार खजिना दिला आहे: १९ ते ५० चे आकडे. एकोणीस, वीस, एकवीस, बावीस, तेवीस, थेट एकोणपन्नास, पन्नासपर्यंत प्रत्येक आकडा स ने संपतो, आणि त्यातले बहुतेक ईस ने. रोज दुपारी एकदा हे मोजायचं, प्रत्येक आकड्याची शेपटी लांबवायची, बरोबर आला की वाटीत एक चिंचोका. पहिल्या दिवशी वीस ते तीस एवढेच पुरे. 'सव्वीस' आणि 'सत्तावीस'मध्ये सुरुवातीलाही स आहे, ते मागून घ्या.

नंतर सुरुवातीचा स: सीताफळ, सेल, साबण, सात, सायकल, सूप, सोनं. मग मधला: पैसा, मासा, कासव, वासरू. जोडाक्षरं आणि दोन-तीन स असलेले शब्द शेवटी. एकसष्ट ते अडुसष्ट हे आकडे तेव्हाच काढा, त्यांत स आणि ष्ट दोन्ही आहेत. स आणि श जवळजवळ आलेले शब्द तोवर टाळा.

दहापैकी आठ-नऊ वेळा आपणहून बरोबर आलं की पुढची पायरी: "लाल साबण", "माझी सायकल", मग लहान वाक्य, मग पुस्तकातला परिच्छेद मोठ्याने वाचणं, मग गोष्ट सांगणं. शब्दांत आलेला स गप्पांत यायला सर्वांत जास्त वेळ लागतो. काही आठवडे, कधी महिने. तो काळ सराव सोडायचा नाही.

एका वेळी पाच-सात मिनिटं पुरतात, दिवसातून दोन-तीनदा. रविवारी तासभर बसवून काही मिळत नाही. मूल भुकेलेलं, झोपेला आलेलं नसावं. आणि सरावाची वेळ संपली की दुरुस्ती संपली. शाळेतून धावत येऊन ते काही सांगत असताना मध्येच "नीट बोल" म्हणू नका. ते म्हणालं, "आज तरांनी गोट्त थांगितली," तर तुम्ही एवढंच म्हणा, "हो? सरांनी गोष्ट सांगितली? कुठली?" बरोबर उच्चार त्याच्या कानावर पडला, बोलणंही तुटलं नाही. वर्गात चिडवाचिडवी होत असेल तर वर्गशिक्षकांना एकटं भेटा. काही दिवस त्याला सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला उभं करू नका, एवढी विनंती बहुतेक शिक्षक मानतात.

दात ढकलणारी जीभ आणखी एका वेळी दिसते: गिळताना. मुलाला घोटभर पाणी द्या, गिळताना खालचा ओठ हळूच बाजूला करून बघा. जीभ दातांमधून पुढे येत असेल तर ऑर्थोडॉन्टिस्टना हे नक्की सांगा, कारण ही सवय राहिली तर तारांनी मिटवलेली फट पुन्हा उघडू शकते. टीव्ही बघताना, गाडीत बसल्यावर आठवण करायची ती एवढीच: 'न' हा आवाज काढताना जीभ जिथे टेकते तिथे ती ठेव, ओठ मिट, नाकाने श्वास घे. नाक चोंदलेलं असेल तर हा सराव नको, आधी नाकाचा उपचार.

यात वेळ घालवू नका

वेखंड उगाळून चाटवल्याने जिभेची जागा बदलत नाही. फुगे फुगवणं, शिट्टी, पिपाणी, मेणबत्ती विझवणं यांनी गालांना व्यायाम होतो, स येत नाही; स येतो तो स म्हणूनच. तोंडात खडे किंवा सुपारी ठेवून बोलायला लावणं धोक्याचं आहे, ती वस्तू श्वासनळीत जाऊ शकते. आणि 'चटईला टाचणी टोचली' पाठ करून घेण्याने स चं काहीच होत नाही, त्यात स नाहीच.

तार, प्लेट आणि जाळी आल्यावर

दातांवर बाहेरून लावलेल्या तारेने बोलणं फारसं बिघडत नाही. ओठ-गाल सोलतात, पहिले काही दिवस मूल कमी बोलतं. मेण लावा, मऊ खायला द्या. टाळूवर बसणारी प्लेट किंवा जबडा रुंद करणारं यंत्र लावलं की मात्र स, त, न, ल सगळेच बदलतात, लाळ जास्त सुटते. हे तात्पुरतं असतं. बहुतेक मुलं काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत जुळवून घेतात, फक्त त्या काळात गप्प बसू देऊ नका. रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचायला लावा, वर्तमानपत्र चालेल, पाढे चालतील. बोलायला त्रास होतो म्हणून प्लेट काढून खिशात ठेवायची मुभा देऊ नका, जीभ मग जुळवून घेतच नाही.

जीभ आणि अंगठा अडवायला पुढे जाळी बसवतात, तिने स काही काळ आणखी बिघडतो. ती जाळी असेपर्यंत मी नव्या आवाजावर काम करत नाही; ऐकण्याचे खेळ आणि नाकाने श्वास, एवढंच चालू ठेवते. वर्गशिक्षकांना आधी सांगून ठेवा. तार काढल्यावर दातांबरोबर जिभेचीही तपासणी करून घ्या. तेव्हाही जीभ बाहेर येत असेल तर त्या महिन्यातच सराव सुरू करा, कारण आता टेकायला नीट दात आहेत आणि मोठं मूल समजून-उमजून शिकतं.

कुणाकडे जायचं

दोन-तीन महिने नेमाने सराव करूनही एकटा स सुद्धा निघत नसेल, किंवा आवाज अजूनही गालातून येत असेल, तर घरचे प्रयोग थांबवून स्पीच थेरपिस्टकडे जा. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी आहे का हे विचारायला संकोच करू नका. बीएएसएलपी ही या विषयाची पदवी. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून वाचा आणि श्रवणाचं काम करते, नायर रुग्णालयातही हा विभाग आहे. दातांच्या उपचाराचा खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. अंगणवाडी आणि सरकारी शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. २०१३ मध्ये हा कार्यक्रम आपल्या पालघरमधूनच सुरू झाला, आणि दात, ऐकणं, दुभंगलेला ओठ-टाळू हे सगळं त्यात बसतं. त्या पथकाला मुलाचं बोलणं आवर्जून ऐकवा, आणि जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे पुढची तपासणी आणि उपचार होतात त्या केंद्राची, चिठ्ठी मागून घ्या.

पहिल्या भेटीला येताना उजेडात घेतलेला तो व्हिडिओ आणा, दातांचे एक्स-रे काढलेले असतील तर ते आणा, श्रवण तपासणीचा कागद आणा. मूल रोज वापरतं ते दहा-बारा शब्द, भावंडांची, मित्रांची, गावाची नावं, एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. सरावाची यादी मी त्यातूनच बनवते. कुठले आवाज बिघडतात तेही त्याच चिठ्ठीवर लिहा आणि आल्या आल्या माझ्या हातात द्या. ते मुलासमोर मोठ्याने सांगू नका.